चार नंबरचा कीबोर्ड

प्रज्ञेशबद्दल पंचक्रोशीत कुणी वाईट बोलत नाही. मी बोलून बघितलंय. लोक विषय बदलतात.

कामशेतात स्टेशनच्या बाजूला माझं कॉम्प्युटरचं दुकान आहे. दुरुस्ती, प्रिंट, ऑनलाइन फॉर्म आणि लग्नपत्रिका. प्रज्ञेशचं असं काही नाही. तो लोणावळ्याला भुशीच्या रस्त्यावर एका हॉटेलात मेंटेनन्सला आहे. तरी आमच्या घरचा टीव्ही बिघडला की आई म्हणते, "प्रज्ञेशला फोन लाव." मी समोरच बसलेलो असतो, हातात स्क्रू ड्रायव्हर घेऊन.

हे दुखणं शाळेपासूनचं. शाळेत सहा कॉम्प्युटर होते आणि वर्गात आम्ही छत्तीस जण. चपला बाहेर काढून आत जायचं आणि एका कॉम्प्युटरभोवती सहा जणांनी उभं राहायचं. महिपती सरांचा नियम होता, "ज्याला टायपिंग येतं त्यानं बसायचं, बाकीच्यांनी बघून शिकायचं." चार नंबरच्या कॉम्प्युटरवर टायपिंग येणारा एकच होता, प्रज्ञेश. त्याचे वडील, श्रीपती आबा, लोणावळ्याच्या एका छापखान्यात डीटीपी करायचे. चिक्कीच्या खोक्यांपासून लग्नपत्रिकांपर्यंत सगळी अक्षरं त्यांनीच जुळवलेली. पोरगं त्यांच्या मांडीवर बसून शिकलेलं. मी तीन वर्षं कॉम्प्युटर शिकलो तो प्रज्ञेशच्या उजव्या खांद्यावरून.

पुढं शाळेनं ते जुने कॉम्प्युटर भंगारात काढले, तेव्हा मी चार नंबरचा कीबोर्ड मागून घेतला. जाडजूड, बिस्किटाच्या रंगाचा, मागे खडूसारख्या पांढऱ्या रंगात '४' लिहिलेला. वापरायला नव्हे. एवढी वर्षं ज्यावर मला बोट ठेवू दिलं नाही, तो आपल्या घरात असावा म्हणून. इंद्रायणी तांदळाच्या रिकाम्या गोणीत गुंडाळून मी तो दुकानाच्या माळ्यावर टाकला आणि विसरलो. म्हणजे, विसरलो असं सांगत राहिलो.

गेल्या वर्षी प्रज्ञेश दुकानात आला. बरोबर कॉम्प्युटरचा एक पिवळा पडलेला जुना कॅबिनेट. "सत्या, तुझी गच्ची दोन-तीन दिवस मिळेल का? लोणावळ्यात ऊन नाही रे."

"ऊन कशाला?"

"ह्याला उजळवायचंय."

छापखाना बंद झाला तेव्हा आबांना त्यांचा कॉम्प्युटर दिला होता. आतलं सगळं मेलेलं, वरचं खोकं तेवढं शाबूत. प्रज्ञेशनं त्याला ब्युटी पार्लरमधली केस उजळवायची क्रीम फासली, वर प्लॅस्टिक गुंडाळलं आणि माझ्या गच्चीवर उन्हात ठेवलं. दर तासाला येऊन फिरवायचा, म्हणजे डाग पडत नाहीत.

"फेशियल चाललंय काय?" मी विचारलं.

"हो. तुझाही नंबर लावू?"

मी हसलो नाही. तीन दिवसांत ते खोकं असं गोरं झालं की माझ्या दुकानातला नवा माल त्याच्यापुढं हॉटेलातल्या उरलेल्या शिऱ्यासारखा दिसायला लागला.

हा उद्योग कशासाठी, तेही त्यानं सांगितलं. त्याच्या बहिणीचं, प्रतीक्षाचं लग्न ठरलं होतं. आबांचा हट्ट एकच: "पत्रिकेची अक्षरं मीच जुळवणार." नव्या कॉम्प्युटरवर त्यांना जमेना, कारण त्यांच्या बोटांत जुन्या फॉन्टच्या जागा बसलेल्या. 'क'च्या जागी हात गेला की पडद्यावर भलतंच उमटे. आणि जुना कॉम्प्युटर आणला तर दुसरी अडचण. आबांना कानाला मशिन लागलंय, आणि ते मशिन माणसाच्या बोलण्याआधी पंख्याची घरघर पकडतं. "कानात गिरणी घातल्यागत वाटतंय," आबा म्हणायचे. मशिन काढावं तर पोरगी काय सांगतेय ते कळत नाही.

म्हणून प्रज्ञेश बाहेरून जुना आणि आतून मुका कॉम्प्युटर बांधायला बसला.

आता खरं सांगतो, हे काम त्याच्याच हातचं होतं. हॉटेलात त्याची नोकरीच मुळी आवाज बंद करण्याची. कुठला एसी गुणगुणतो, कुठला पंखा टकटक करतो, हे तो दाराबाहेरून सांगतो. कॉम्प्युटरमध्ये त्यानं पंखाच ठेवला नाही. कमी तापणारा छोटा बोर्ड घातला, त्यावर ॲल्युमिनियमचा कंगव्यासारखा जाड तुकडा, आणि तो थेट कॅबिनेटच्या पत्र्याला टेकवला, म्हणजे उष्णता पत्र्यातून बाहेर. फिरणारी डिस्क नाही. आत आबांचं छापखान्यातलं जुनं सॉफ्टवेअर आणि जुने फॉन्ट. फ्लॉपीची फट तशीच ठेवली, पण तिच्या झाकणामागे पेनड्राइव्हची जागा. हॉटेलच्या रिसेप्शननं टाकून दिलेला चौकोनी मॉनिटर आणला आणि त्याची चौकट कॅबिनेटच्या रंगानं रंगवली. मी कान लावून ऐकलं. काही नाही. माझ्या दुकानातला कॉम्प्युटर चालू होताना भजनी मंडळ आल्यासारखा वाटतो.

हे सगळं बघून मला काय वाटलं ते विचारू नका.

मग त्यानं विचारलं, "फक्त कीबोर्ड राहिलाय. आबांचा उंदरांनी कुरतडला. तसाच जुना, गोल पिनेचा... शाळेतला तो चार नंबरचा तुझ्याकडं आहे ना?"

"भंगारात गेला," मी म्हणालो. जीभ इतक्या चटकन वळली की माझं मलाच कौतुक वाटलं. "तुला सगळं गप्पच पाहिजे ना? हा घे." आणि एक पातळ, आवाज न करणारा, एकही दिवा नसलेला नवा कीबोर्ड त्याच्यापुढं सरकवला.

त्यानं माझ्याकडं बघितलं. माळ्याकडं बघितलं नाही. "बरं," म्हणाला आणि घेऊन गेला.

पुढच्या रविवारी मी लोणावळ्याला गेलो. काम नव्हतं, पण कॉम्प्युटर बघायचा होता; म्हणजे त्यात काही खोट निघते का ते बघायचं होतं. दारातच आबा भेटले. मी "जय भीम आबा" म्हणालो. त्यांचं लक्ष नव्हतं.

"सत्यम, हे यंतर लय गुणाचं हाय, पर मरतंय रे."

"मरतंय म्हंजे?"

"म्हंजे हँग व्हतंय. दोनदा समदं पुसलं गेलं."

प्रज्ञेश कपाळाला हात लावून बसलेला. भानगड अशी होती. आबा एका ओळीवर दहा-दहा मिनिटं विचार करायचे. 'सप्रेम जय भीम'नंतर 'आग्रहाचे निमंत्रण' घ्यावं की 'आपली उपस्थिती प्रार्थनीय'? तेवढ्यात मनात शंका यायची की कॉम्प्युटर चालू आहे का. तीस वर्षं चालू कॉम्प्युटर म्हणजे घरघर, आणि इथं घरघरच नाही. मग छापखान्यातली सवय: नम लॉकचं बटण दाबायचं. कीबोर्डवरचा हिरवा दिवा लागला-विझला तर कॉम्प्युटर जिवंत, नाहीतर गेला. सगळे जुने ऑपरेटर हेच करतात, मीही करतो. पण मी दिलेल्या कीबोर्डला दिवाच नव्हता. आबा नम लॉक दाबायचे, दिवा लागायचा नाही, आबा म्हणायचे "गेला बिचारा", आणि पॉवरचं बटण दाबून धरायचे. त्या जुन्या सॉफ्टवेअरला आपणहून सेव्ह करायची सवय नाही, आणि आबांना मजकूर पुरा झाल्याशिवाय सेव्ह करायची नाही.

"आबा, तो चालू असतो, हात लावू नका," प्रज्ञेश म्हणाला.

"चालू हाय ते मला कसं कळावं? ना आवाज, ना दिवा. माणूस असा पडला असता तर तू डॉक्टरला बोलावलं नसतंस का?"

मला हसू आवरेना. घरी येताना मी कामशेत कधी आलं ते कळलं नाही, इतका आनंदात होतो. प्रज्ञेशचा कॉम्प्युटर इतका चांगला झाला होता की चालत नव्हता!

बुधवारी आबा एकटेच दुकानात आले. हातात चौघडी केलेला कागद. "तिसऱ्यांदा गेलं. दिव्याचा कीबोर्ड मागवलाय म्हणतोय पोरगा, आठवड्यानं यील. पत्रिका तर परवा छापाया गेली पायजे. तूच कर बाबा."

म्हणजे मला हवं ते सगळं एका कागदात घडी घालून आलं होतं. प्रज्ञेशची हार आणि प्रतीक्षाच्या पत्रिकेचं काम, दोन्ही.

मी बसलो. आबांना खुर्ची दिली, पण ते बसले नाहीत. येऊन माझ्या मागे उभे राहिले, उजव्या खांद्याशी. मी टाइप करू लागलो. 'मंगल परिणय'. अक्षर मोठं केलं. मागून काहीच आवाज येईना म्हणून काचेच्या कपाटात बघितलं, तर त्यात आबा दिसत होते. त्यांची बोटं शर्टाच्या शिवणीवर हलत होती. मी 'प' दाबला की त्यांचं बोट हलायचं, पण त्यांच्या 'प'च्या जागी. माझ्या आधी ओळ संपवून थांबायचे, आणि मग नुसते बघत राहायचे.

तसं उभं राहणं काय असतं, ते मी तीन वर्षं अनुभवलं होतं. हात शिवशिवतात आणि कुणी विचारत नाही.

"आबा, बसा, चहा सांगितलाय," म्हणून मी उठलो आणि माळ्यावर चढलो. गोणीतली धूळ तोंडावर पडली. खाली उतरलो तेव्हा माझ्या हातात चार नंबर होता.

आबांनी उलटा करून मागचा '४' बघितला. "भंगारात गेलता न्हवं?"

"सापडला."

"व्हय, भंगार लय जवळ हाय तुमचं," आबा म्हणाले आणि वर बोट करून माळा दाखवला. चहा मात्र पिऊन गेले.

मी त्यांच्याबरोबर लोणावळ्याला गेलो, कारण दारात देऊन परत यायचा मोठेपणा माझ्यात नाही. प्रज्ञेशनं कीबोर्ड घेतला, मागे वाकला आणि गोल पीन गोल भोकात घातली. ते भोक बघून मला धक्काच बसला. हल्लीच्या छोट्या बोर्डांना ते सहसा नसतं. त्यानं मुद्दाम शोधून तसला बोर्ड घेतला होता, पहिल्या दिवसापासून.

"तू जागा ठेवली होतीस?"

"हो."

"मी भंगारात गेला म्हणालो होतो ना!"

"तू म्हणाला होतास," तो म्हणाला, आणि पीन नीट बसली का ते बघायला लागला.

आबांनी नम लॉक दाबलं. हिरवा दिवा लागला. परत दाबलं, विझला. "जित्ता हाय," आबा म्हणाले, आणि खुर्ची पुढं ओढून बसले. त्या घरात फक्त कीबोर्डची खडखड होती. तिचा त्यांच्या कानाला काही त्रास होत नव्हता. मध्येच ते थांबायचे, विचार करायचे, दिवा एकदा लावून-विझवून बघायचे आणि पुढं जायचे. संध्याकाळी पाचला पत्रिका झाली. 'आग्रहाचे निमंत्रण' जिंकलं.

छपाई माझ्याकडं आली. जुन्या पद्धतीप्रमाणं आबांनी खाली अगदी बारीक अक्षरात ओळ टाकली होती: 'अक्षरजुळणी: श्रीपती. मुद्रण व कीबोर्ड: सत्यम, कामशेत.' कीबोर्डची अशी नोंद असलेली दुसरी पत्रिका मी आजवर बघितली नाही. प्रज्ञेशचं नाव 'आपले नम्र'मध्ये होतं, भाऊ म्हणून. कॉम्प्युटरबद्दल एक अक्षर नाही.

मी पहिली प्रत त्याला दाखवली. मुद्दाम, त्या ओळीवर अंगठा ठेवून, मग हळूच काढून.

त्यानं वाचलं. "छान झालंय. आबा खूश आहेत ना?"

एवढंच. तोंडावर एक रेघ हलली नाही. परत येताना मी ती पत्रिका चार वेळा वाचली. माझं नाव होतं, त्याचं नव्हतं, आणि तरीही जळत मीच होतो.