तळीचा अध्यक्ष

चहा आधी पिऊन घ्या, मध्येच ठसका लागला तर मी जबाबदार नाही. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याला आग्रहाने घरी नेऊन, समोर करंज्या ठेवून आपलाच गुन्हा दाखवणारा माणूस तुम्ही कधी बघितलाय? नसेल, तर आता नीट बघून घ्या.

मिठबावजवळ आमच्या वाडीच्या वरच्या अंगाला काजूची जुनी बाग होती. ती मोडून प्लॉट पडले. मी हार्डवेअरचा दुकानदार, तोंड चालतं, म्हणून प्लॉटवाल्यांनी मलाच अध्यक्ष केलं. झाडं गेली, रस्ते झाले, आणि पावसाचं सगळं पाणी खाली भिकाजीच्या घरापुढच्या खळ्यात शिरायला लागलं. त्याची म्हैस गोठ्यात गुडघाभर पाण्यात उभी. भिकाजी रोज दुकानात येऊन मला ऐकवायचा.

म्हणून मंजुरीतच अट आली. सखल कोपऱ्यात तळी खणा, पावसाचं पाणी तिथे अडवा आणि जिरवा. शिवाय तळीच्या तळाला, उतारावर आणि काठावर पाणी सोसणारी इथलीच झाडं लावा, म्हणजे माती वाहून जाणार नाही. तपासणीत झाडं दिसली नाहीत, तर एकाही घराला राहायचा दाखला नाही.

दाखल्याची खरी घाई रोहिणीला. ती ओरोसला नर्स आहे. तिथे भाड्याच्या एका खोलीत ती आणि तिची म्हातारी आई. इथलं घर बांधून तयार, पण कुलूपबंद. म्हातारी एकच विचारायची, “माका माझ्या पडवेत कधी बसवतलंस गो?”

लागवड रोहिणीनेच अंगावर घेतली. रजा काढून, चार बायका जमवून जूनमध्ये झाडं लावली. मला म्हणाली, “अप्पा, एकदा बघूक तरी येवा.” मी कशाला जातोय चिखलात? अध्यक्षाने उद्घाटनाला जायचं असतं. माझ्या डोक्यात सरकारी झाड म्हणजे रांगेत उभं असलेलं, भोवती जाळी, गळ्यात नावाची चिठ्ठी.

आणि आली चतुर्थी. आमच्याकडे गणपतीच्या डोक्यावर माटवी टांगतात. लाकडाची चौकट असते, तिला रानातली पानं, फुलं, फळं बांधायची. तिचं सामान माझे वडील त्याच सखल कोपऱ्यातून आणायचे. मीही आदल्या दिवशी सकाळी कोयती घेऊन निघालो. रोहिणी ड्युटीवर होती.

तळीत बघतो तर काय, नुसतं रान माजलेलं! शेरवडीची पांढरी पानं, तेरडा फुललेला, सोनटक्क्याचा घमघमाट, कमरेएवढा वाळा. मी कपाळाला हात लावला. म्हटलं, या रानाखाली रोहिणीची बिचारी सरकारी झाडं गुदमरत असणार. हे रान कापलं तर माटवीही होईल आणि झाडांनाही वारा लागेल.

कापत सुटलो. एकट्याला उरकेना, तेव्हा रस्त्याने जाणाऱ्यांना हाका मारल्या. “येवा रे, फुकटचा रान आसा, माटवेक घेवन जावा.” चतुर्थीच्या आदल्या दिवशी कोकणात असं बोलावणं कोण सोडतो? अर्धी वाडी कोयत्या घेऊन उतरली. दुपारपर्यंत तळी तळहातासारखी साफ.

खाली एकही सरकारी झाड सापडलं नाही. तेव्हा मला शंका यायला हवी होती. आली ना. पण ती भिकाजीच्या म्हशीची आली! संध्याकाळी मी पाटी रंगवून घेतली: “गुरांना आत सोडू नये.” भिकाजीला त्याच्या घरातून वाचता यावी म्हणून तळीच्या आत, उतारावर ठोकली. तळीला कुंपण होतं, त्याचं फाटकही बंद केलं.

गणपतीच्या तिसऱ्या दिवशी तपासणीला मॅडम आल्या. मूळच्या सावंतवाडीकडच्या, पण बोलणं शुद्ध कार्यालयीन. त्यांच्यासोबत रोहिणी आणि तिची आई. तळी बघून रोहिणी मटकन काठावर बसली.

“अप्पा, झाडां खंय गेली?”

“म्हशीन खाल्ल्यान,” मी ठणकावून सांगितलं.

म्हातारी बंद घराच्या पायरीवर जाऊन बसली होती. तिचा उतरलेला चेहरा बघून मला भिकाजीचा असा राग आला म्हणता. त्याला तिथल्या तिथे बोलावून घेतलं. तो आला, खाली वाकला, एक बुडखा निरखला आणि म्हणाला, “अध्यक्षानू, माझी म्हस कोयतीन खाता काय?”

मॅडमही वाकल्या. “कापलंयच हे. धारदार हत्याराने.”

“मग चोरी झाली,” मी म्हणालो. एवढ्यावर थांबेन तर मी कसला अध्यक्ष? “मॅडम, तुम्ही काळजी करू नका. जो कोण असेल त्याचा कान धरून तुमच्यासमोर उभा करतो.”

“आज मला शेरा मारावा लागेल,” मॅडम म्हणाल्या. “झाडं नाहीत तर दाखला नाही.” रोहिणीच्या डोळ्यांत पाणी आलं.

मॅडमना जरा मऊ करावं म्हणून मी म्हटलं, चतुर्थीचे दिवस आहेत, आमचा गणपती बघितल्याशिवाय जायचं नाही. सगळ्यांनाच घरी घेऊन गेलो. बायकोने करंज्या मांडल्या. मॅडमनी हात जोडले, डोळे मिटले, उघडले, वर बघितलं आणि बघतच राहिल्या.

मला वाटलं, माटवी आवडली. “सगळं ताजं आहे हं,” मी छाती काढून म्हणालो. “स्वतः जाऊन कापून आणलंय.”

“कुठून?”

“कुठून म्हणजे, हे आपल्या...”

दाखवायला मीही मान वर केली. वर शेरवड, तेरडा, सोनटक्का, वाळा. रोहिणीने तोंडावर पदर धरला. ती रडतेय की हसतेय, ते कळेना.

इतका वेळ शुद्ध बोलणाऱ्या मॅडम एकदम मालवणीत घसरल्या. “अप्पानू, झाडां सगळी आसत. फक्त उलटी लावल्यात.”

भिकाजीने करंजी उचलली आणि शांतपणे विचारलं, “अध्यक्षानू, आता कोणाचो कान धरूचो?”

त्या दिवशी मी उपवास नसताना उपाशी राहिलो. पण मॅडम चांगल्या हो! परत तळीवर गेल्या, बोटाने माती उकरून बघितली. “मुळं शाबूत आहेत. पाऊस आहे, फुटतील. दिवाळीआधी पुन्हा येते.” भिकाजीनेही साक्ष दिली की यंदा त्याच्या खळ्यात पाणी शिरलं नाही. माझी बाजू घ्यायला नव्हे, रोहिणीसाठी.

त्यानंतर मी रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी कुंपणाबाहेर उभा राहून बघायचो. वाळ्याचा पहिला हिरवा कोंब दिसला त्या दिवशी मला खरंच रडू आलं. मग तेरडा सोडून सगळंच फुटत गेलं. तेरड्याचं बी पडलंय, तो पुढच्या पावसात येईल असं रोहिणी म्हणाली. मॅडम आल्या, फिरून बघितलं, आणि दाखला झाला.

तुळशीच्या लग्नाला रोहिणीच्या आईने मला बोलावलं. म्हातारी स्वतःच्या पडवीत पाय पसरून बसली होती. “अप्पा, बस. च्याय घे,” म्हणाली. चहा इतका गोड लागला की मी ठरवलं, जाता जाता तळी आतून बघूनच जाऊ.

फाटकाशी गेलो आणि थांबलो. माझ्या पाटीवरचा पहिला शब्द भिकाजीने चुन्याने पुसून बदलला होता. आता पाटी म्हणते, “अध्यक्षांना आत सोडू नये.”

आमच्या समितीच्या नियमाप्रमाणे पाटी काढायचा अधिकार फक्त अध्यक्षाला आहे. पण त्यासाठी आत जावं लागतं.