बागेतलं गाऱ्हाणं

मोहोराचा वास ओसरतो नि आंब्याच्या चिकाचा उग्र, गोडसर गंध सकाळच्या उन्हात चढू लागतो, तेव्हा आमच्याकडे पहिल्या काढणीआधी बागेच्या अदृश्य राखणदाराला नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात. ते काम आमच्या ह्यांचं. खणखणीत स्वरात हे एकेक मागणं मांडायचे आणि भोवतालच्यांनी दर मागण्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं.

गेल्या पावसाळ्यात ह्यांच्या मेंदूच्या पुढल्या भागात रक्तस्राव झाला. हातपाय वाचले, वाचा मात्र विचित्र झाली. डॉक्टर म्हणाले, शब्द आत शाबूत आहेत, बोलणं सुरू करणारी जागा तेवढी दुखावली आहे. म्हणजे कसं, सांगते. मी विचारावं, “अहो, चहा ठेवू?” तर ह्यांच्याकडून तितक्याच मायेनं यावं, “अहो, चहा ठेवू?” पहिल्यांदा मला हसूच आलं. मग माझ्यासारखी बडबडी बाई स्वतःच्या घरात बोलायला भिऊ लागली. कारण तिरप्या उन्हात ओटीवर बसलेल्या आम्हा दोघांत माझाच आवाज जायचा, माझाच परत यायचा, आणि त्या येण्याजाण्यात माणूस कुठे भेटत नसे.

यंदा गाऱ्हाणं मीच घातलं. सोबतीला हे आणि आमचा काढणीवाला गणू. “बा म्हाराजा, झाडामाडांवर नजर ठेव,” म्हटलं नि श्वासाला थांबले, तोच जुन्या भरदार आवाजात मागून आलं, “व्हय म्हाराजा!” गणूचा होकार तोंडातच राहिला. माझे नव्हेत हो ते शब्द! उत्तर होतं.

मग मी थांबतेय कसली! वानरं झाली, वारा झाला, मुंबईचा मुलगा झाला, शेजारणीचा गुडघासुद्धा झाला. दरवेळी होकार.

“काकी, आंबे यंदाच काढायचेत ना?” गणू म्हणाला.

“गप रे!”

आणि मग, कशी कोण जाणे, बोलून गेले, “म्हाराजा, ह्यांच्या मनातला एक तरी शब्द माझ्यापर्यंत येऊ दे.”

“व्हय म्हाराजा.”

शेजारणीच्या गुडघ्याला म्हटलं होतं, अगदी त्याच सुरात. मी वळून पाहिलं. हे पानांतून उतरणाऱ्या उन्हाकडे बघत होते. सवयीनं जिभेवर आलेला होकार, की माझ्या बरोबरीनं ह्यांनीही मागितलेलं मागणं, कोण सांगणार? गणू आंबे उतरवायचा जाळीचा झेला उचलून झाडाकडे गेला. मी मात्र आणखी काही मागता येईल का, ते शोधत तिथेच उभी राहिले.