पाचपैकी पाच

लातूरच्या पोरांना मार्क आणि लातूरच्या आयांना मार्कांची काळजी जन्मतःच चिकटते, असं अयोध्या सिस्टर म्हणायच्या. पण आपल्या वॉर्डातल्या बाळंतिणींनाही कधी मार्क द्यायला बसवतील, हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

शहराबाहेरच्या एका सरकारी दवाखान्यात त्या बाळंतपणाच्या वॉर्डाच्या इन्चार्ज होत्या. नोकरी लागली आणि पाठोपाठ भूकंप झाला, त्यामुळे सुरुवातीची बाळंतपणं त्यांनी पत्र्याच्या शेडमध्येच केली. तेव्हापासून बाई उभ्याच होत्या. गुडघे गेले, कंबर गेली, आता निवृत्तीकडे डोळे लावून दिवस ढकलणं चाललं होतं. त्यात एकुलती लेक देविका पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. तिचं सगळं नीट पार पडावं, एवढीच इच्छा उरली होती.

आजवर वरचे लोक किती जगल्या, किती दगावल्या, बाळ किती वजनाचं, एवढंच विचारायचे. आता जिल्ह्यावरून एक मॅडम येऊ लागल्या. खाटेशी बसून विचारायच्या, बाई, तुम्हाला बरं वाटतंय का? मनाला उभारी आहे का? कुणी मायेनं बोललं का? एक ते पाचमध्ये सांगा. प्रश्न चांगला होता. इतक्या वर्षांत तो कुणी विचारला नव्हता, हे अयोध्याबाईंनाही मान्य होतं. घोडं अडलं ते उत्तरात. आपल्याकडे बाळंतीण कधी 'मी छान आहे' म्हणत नाही, नजर लागते. बाळ गुटगुटीत, डब्यात डिंकाचे लाडू, सासू पाय चेपतेय, तरी बाई म्हणणार, कशाचं बरं, पाठ लई दुखायली. पहिल्या फेरीत कुणी दोनच्या वर गेलंच नाही आणि वॉर्ड जिल्ह्यात तळाला बसला. मोठ्या डॉक्टरांनी भर मीटिंगमध्ये सिस्टरांची खरडपट्टी काढली.

मग अयोध्याबाईंनी अस्सल लातुरी इलाज केला. क्लास काढला. दुपारचा चहा झाला की खाटांच्या मधोमध उभ्या राहून शिकवणी सुरू. मॅडमनी काहीही विचारलं तरी पाच म्हणायचं. सुनेबरोबर आलेल्या रुक्मिणबाई नावाच्या म्हातारीनं शंका काढली, अन् नजर लागली तर? सिस्टरांनी शब्द दिला, मॅडमची पाठ वळली की मी माझ्या हातानं मीठ-मोहऱ्या उतरवते. तशा उतरवायच्याही. दुसऱ्या फेरीत वॉर्ड पहिला आला, पेढे वाटले गेले.

एक गोष्ट मात्र हातची गेली. कुरकुर करणाऱ्या बाईकडे त्या पूर्वी निर्धास्त पाठ फिरवायच्या आणि जी 'समदं बरं हाय' म्हणते तिच्याजवळ बसायच्या. हे त्या पत्र्याच्या शेडमध्ये शिकल्या होत्या. घरची सगळी माणसं ढिगाऱ्याखाली गेलेली एक बाई तिथं बाळंत झाली. काही विचारलं की बरं हाय म्हणायची, पण बाळाला छातीशी घेईना. अयोध्याबाई दिवसभर तिच्याजवळ नुसत्या बसून राहिल्या, तेव्हा कुठं ती रडली. आता सगळ्याच पाच म्हणत होत्या. कुणाजवळ बसायचं हे कळायला मार्ग नव्हता, आणि खरं सांगायचं तर बसायची उमेदही उरली नव्हती.

देविका त्याच वॉर्डात बाळंत झाली. कळा फार लांबल्या. तिनं आईचा हात घट्ट धरला होता, पण शेजारच्या टेबलावर दुसरी बाई अडली आणि सिस्टर एकट्याच. हात सुटला तो सुटलाच. मुलगी झाली, दोघी सुखरूप. मॅडम आल्या तेव्हा आईच्या शिकवणीत तयार झालेल्या देविकानं प्रत्येक प्रश्नाला पाच म्हटलं. अयोध्याबाईंचा जीव भांड्यात पडला.

घरी आल्यावरही तिची काही तक्रार नव्हती. जेवलीस का, हो. झोप लागली का, हो. पोर पहिल्यापासूनच शहाणी. डॉक्टरकीच्या क्लासला घातली होती तेव्हाही प्रत्येक परीक्षेहून येऊन 'पेपर छान गेला' म्हणायची, खरं काय ते निकालाच्या दिवशी कळायचं. पण हे आठवायला सवड कुणाला होती? अयोध्याबाई ड्युटीवरून यायच्या, भात टाकायच्या आणि आडव्या व्हायच्या. दमलेल्या माणसाला 'बरं आहे' हे उत्तर फार गोड लागतं.

एका संध्याकाळी त्या घरात शिरल्या तर नात रडून लाल झालेली आणि देविका तिच्याकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून पडलेली. नजरच लागली, त्यांना वाटलं. सगळ्या जगाची दृष्ट काढली आणि घरच्या बाळंतिणीची राहून गेली. त्यांनी मुठीत मीठ-मोहऱ्या घेतल्या, नातीवरून उतरवल्या आणि मूठ देविकाच्या डोक्याशी नेली.

देविकानं ती मूठ धरली.

"माझी नको काढू, आई. नजर लागावी असं काहीच नाही माझ्याजवळ." मग म्हणाली, "मला हिला घ्यावंसंच वाटत नाही. खरं बोलले तर तुझे मार्क जातील म्हणून पाच म्हटलं."

अयोध्याबाईंना कळून चुकलं. आपल्याच लेकीला आपण घोकवून घोकवून खोटं बोलायला शिकवलं होतं. मीठ-मोहऱ्या तशाच फरशीवर सांडल्या. त्यांनी नातीला उचलून मांडीवर घेतलं, ठणकणारे गुडघे कसेबसे दुमडले आणि देविकाच्या उशाशी बसून तिचा हात हातात घेतला.

"सांग," त्या म्हणाल्या. "कितीबी वेळ सांग. मी बसली हाय."