एक काडी रेंज

फुरसं चावून माझा पाय गुडघ्यापर्यंत सुजला होता आणि रिक्षावाला कोंडाण्याच्या फाट्यावर थांबून ओरडत होता, "कुठं नेऊ, सांगा ना पटकन!" सापाची लस कोणत्या दवाखान्यात शिल्लक आहे ते दाखवणारं पान शेजारी बसलेल्या माझ्या सुनेनंच मोबाइलसाठी बनवलं होतं, पण तिथं रेंज एकच काडी. आदल्या आठवड्यात ती त्याच पानाच्या कोडमध्ये बारीकसारीक बदल करत बसली होती. आधी ते पान एकेका दवाखान्याची माहिती वेगळी मागायचं, ती तिनं एकदम मागायला लावली. मी म्हटलं होतं, "उघडतंय की गं, मग आणि काय कोरत बसलीस?" तर म्हणाली, "आई, तुमी घरच्या वायफायवर बघताय. शेतात उघडून बघा." रिक्षात तिनं बोट लावलं आणि पान लगेच उघडलं. जवळच्या दवाखान्यातली लस संपली होती, खालापूरकडच्या दवाखान्यात होती. रिक्षा तिकडं वळली. मी जगले.