नळीतलं पाणी

त्या दिवशी विंझरला माझं डोकं सकाळी दहालाच फिरलं होतं. बायकांच्या गटानं भाताच्या बियाण्यासाठी एक पक्की खोली बांधली होती. कीड मारायला तिच्यात विषारी गॅस सोडायचा, आणि भिंतीपलीकडेच एक कुटुंब राहतं, म्हणून खोलीतून हवा निसटते का ते आधी तपासायचं होतं. ते माझं काम. दारात जाड पडदा ताणून त्यात पंखा बसवायचा, खोलीत हवा भरायची आणि आतला दाब किती वाढला ते मीटरवर वाचायचं. मीटर माझ्यापाशी बाहेर, त्याची बारीक पारदर्शक नळी पडद्यातून आत. आकडा पन्नासला पोचला पाहिजे.

खोली बांधली होती हिर्डोशीच्या एका मिस्त्रींनी. साठीला टेकलेले, कमी बोलणारे. ही खोली पास झाली तर गुंजवण्याला व्हायचं मोठं गोदामही त्यांनाच द्यायचं, असं गटात बोलणं चाललं होतं. त्यामुळे पहाटेची एसटी पकडून ते माझ्याआधी येऊन बसले होते.

पंखा पूर्ण वेगानं भणाणत होता आणि आकडा तीसच्या वर जाईना. मी सेल बदलले. जोड घट्ट केले. पंखा बंद करून पाहिलं तर शून्याऐवजी उणे काहीतरी दिसलं. त्याचा दोष मी बाहेरच्या वाऱ्याला दिला. मग गाडीतून दुसरा मीटर आणून त्याच नळीला लावला. तोही तीसच! झालं. दोन-दोन मीटर काही चुकणार नाहीत, म्हणजे भिंतच चुकलेली. शिकल्यासवरल्या माणसाची अक्कल ही अशी.

अंगणात गटाच्या बायका भात पाखडत होत्या. त्यांच्यादेखत, पंख्यापेक्षा वरचा आवाज काढून मी म्हणालो, "मिस्त्री, वायरच्या पाइपाभोवती पोकळी सोडलीय तुम्ही."

"न्हाई साहेब. म्या सोता भरलंय त्ये, बोटानं दाबून."

"मग हवा जाते कुठं?"

"त्ये मला कसं कळावं? पन पोकळ न्हाई."

"फोडा."

सुपं थांबली होती. मिस्त्रींनी छिन्नी-हातोडा घेतला आणि स्वतःचं गुळगुळीत प्लास्टर वीतभर फोडलं. आत सिमेंट ठासून भरलेलं. इथं तरी मी गप्प बसायला हवं होतं. मी समोरचा कोपरा दाखवला. तोही त्यांनी फोडला, आणि तोही भरीव निघाला. पण पहिले घाव पडले तेव्हाच बायका जेवायला घरी गेल्या होत्या.

मिस्त्री ओट्यावर टेकले. माझ्या नळीकडं बघत राहिले. मग म्हणाले, "साहेब, हवेच्या नळीत पानी कशाला?"

खाली लोंबणाऱ्या वळणात नखाएवढं पाणी होतं.

"भिंतीची लेवल बघायच्या आमच्या पान्याच्या नळीत हवा ऱ्हायली की ती खोटी लागती," ते म्हणाले. "तुमचं उलटं आसंल."

सकाळी चिखलानं बरबटलेली नळी मीच नळाखाली धुतली होती आणि तशीच ओली पिशवीत कोंबली होती. एवढ्याशा पाण्यानं आकडा साफ खोटा पडतो, हे मी नव्या पोरांना शिकवतो! मीटर बदलला, नळी नाही. स्वतःचाच इतका संताप आला की ती नळी मी रस्त्यापर्यंत भिरकावली.

कोरडी नळी लावली, फोडलेल्या जागांवर चिकटपट्टी मारली. पंखा अर्ध्या वेगावर असतानाच आकडा पन्नासला गेला आणि तिथंच थांबला. इतकी घट्ट खोली मी या भागात पाहिली नव्हती. हे मी मिस्त्रींना सांगितलं, माफीही मागितली. त्यांनी मान डोलावली आणि सिमेंट कालवायला घेतलं.

चारला बायका परत आल्या. "झाली का पास, साहेब?" गटाच्या अध्यक्षबाईंनी विचारलं.

"झाली."

त्यांनी भिंतीवरच्या दोन्ही ओल्या जागा निरखल्या. "मंजी मिस्त्रींनी पोकळी भरली म्हनायची."

मिस्त्री थापी धूत होते. त्यांचा हात थांबला. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि वाट पाहिली. आठ-दहा बायका उभ्या होत्या. मी खाली वाकून पंख्याची वायर गुंडाळायला लागलो.

"आता ठीक आहे सगळं," मी म्हणालो.

खरं काय ते मी रिपोर्टात लिहिलं. सबंध एक परिच्छेद, काही न लपवता, इंग्रजीत. गटात तो कुणी वाचला नाही, आणि वाचणार नाही हे लिहितानाच मला ठाऊक होतं.

उन्हाळ्यात गुंजवण्याच्या गोदामाच्या तपासणीला त्याच बाईंनी मला बोलावलं. गोदाम भोरच्या दुसऱ्याच गवंड्यानं बांधलं होतं. मी विचारलं, "हिर्डोशीचे मिस्त्री कसे नाहीत?"

"त्येंचं काम कच्चं हाय," बाई म्हणाल्या. "तुमीच तर दावलं आमाला."