आशीर्वादाच्या ग्रुपवर

बिश्केकच्या त्या ऑफिसात कुणी आशीर्वाद दिला की सगळे तळहात चेहऱ्यावरून फिरवून आमीन म्हणायचे. म्हणून अइझिरेकनं बॉट लिहिला: आशीर्वादाच्या ग्रुपवर मेसेज पडला की भिंतीवरच्या पडद्यावर तो मजकूर आणि खाली आमीन.

"अगं, मेसेज खोडला की तीही खबर जुन्या मजकुरासकट बॉटकडे येते. ती गाळ," सुयुनताईनं बजावलं होतं.

"ताई, आशीर्वाद देऊन खोडतंय कोण?"

आज मेदेरसाहेबांचा मेसेज चुकून त्याच ग्रुपवर पडला. पडद्यावर झळकलं: "अइझिरेकला उद्यापासून काढून टाका. आमीन." साहेबांनी घाईघाईनं मेसेज खोडला.

मेल्या बॉटनं तो पुन्हा झळकवला. आमीन.

सवयीनं सगळ्यांचे तळहात चेहऱ्यावरून फिरले. तिचेसुद्धा.