पाळकीणबाईंची साक्ष

परक्या देशात जाऊन लोकांना स्वर्गाची वाट दाखवायची, तर आधी त्यांच्या घरी जेवावं लागतं. हे पाळकसाहेबांना धर्मशिक्षणात कोणी शिकवलं नव्हतं. पाळकीणबाईंनी ते तिथं गेल्या गेल्या ओळखलं. साहेब पंगतीत बोलत बसत, त्यामुळे त्यांचं ताट भरलेलंच राही. बाई बोलत नसत, म्हणून त्यांना वाढलेलं संपवावं लागे, आणि संपवलं की पुन्हा वाढलं जाई. “मंडळीतली अर्धी माणसं यांच्या बोलण्यानं आलीत, अर्धी माझ्या खाण्यानं,” असं त्या गमतीनं म्हणत. साहेब हसत, पण हा हिशेब त्यांना मान्य नव्हता.

अशा बाईंचा घास अडकायला लागला. आधी पावाचा, मग भाताचा. छातीच्या हाडामागे कुठंतरी तो थांबे, विचार करी, आणि पाण्याचा घोट मागून ढकलल्यावर नाइलाजानं खाली उतरे. पुढे पुढे तो ढकलूनही उतरेना, तेव्हा दोघं सरकारी दवाखान्यात गेली.

साहेब तिथली भाषा धर्मपुस्तकातून शिकले होते, बाई बाजारातून. त्यामुळे साहेबांना त्या भाषेत प्रायश्चित्त म्हणता येई, जुलाब म्हणता येत नसे. बाईंचं नेमकं उलटं. डॉक्टरीणबाईंच्या खोलीत साहेब खुर्चीवरून उठून उभे राहिले आणि म्हणाले, “हे विदुषी, माझ्या भार्येच्या कंठामध्ये अन्नास मार्ग लाभत नाही.”

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं आणि बाईंना विचारलं, “हे कुठून आले?”

“प्रार्थनाघरातून,” बाई म्हणाल्या. “घास इथं अडकतो.”

“हं. आता कळलं.”

त्यांनी एक पांढरं पातळ औषध दिलं. आतून दुर्बीण घालून बघावं लागेल, गर्दी आहे, नंबर लागला की कळवू, म्हणाल्या. दारापर्यंत गेलेल्या बाईंना त्यांनी पुन्हा हाक मारली. “बरं वाटलं तरी यायचं. ऐकलंत ना? बरं वाटलं तरी.”

आणि बाईंना बरं वाटलं. औषधानं जळजळ बसली, सूज उतरली असावी. शनिवारी त्यांनी पावाचा आख्खा तुकडा खाल्ला आणि ताटाकडे बघून थोडं रडूनही घेतलं.

मंडळीची उपासना टायरच्या दुकानावरच्या भाड्याच्या खोलीत भरे. शेवटी साक्षीची वेळ असे. ज्याला देवाकडून काही मिळालं, त्यानं उभं राहून सांगायचं. कित्येक रविवार कोणी उभं राहिलेलं नव्हतं. साहेब हात जोडून वाट बघत राहायचे आणि खालून टायरमध्ये हवा भरल्याचा आवाज यायचा. त्या रविवारीही तसंच झालं. साहेबांचे कान लाल व्हायला लागले. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर बाईंना नवऱ्याचं बोलणं सहन होत नसे असं नाही, पण त्याचे लाल कान सहन होत नसत. त्या उभ्या राहिल्या.

त्यांना म्हणायचं होतं एवढंच, की औषधानं बरं वाटतंय, देवाचे आभार. पण साक्षीच्या वाक्यांना एक वळण पडलेलं असतं. बैल सवयीनं घरच्या वाटेला लागतो तशी ती आपोआप जातात. “मी आजारी होते. घास उतरत नव्हता. आपण प्रार्थना केली. काल घास उतरला.” प्रत्येक वाक्य खरं होतं. औषधाची बाटली तेवढी दोन वाक्यांच्या मध्ये बसली नाही.

पुढच्या रांगेतली शिवणवाली तोंडाला पदर लावल्यासारखी ओढणी लावून रडायला लागली. या मंडळीत सगळ्यांत आधी आलेली तीच. एकटी राही, घरातल्या मशीनवर लोकांचे कपडे शिवी. पुढच्या रविवारी ती दोन शेजारणींना घेऊन आली, त्या आपापल्या नवऱ्यांना, नवरे आपापल्या दुखऱ्या गुडघ्यांना. खालच्या दुकानातून खुर्च्या उसन्या आणाव्या लागल्या. साहेबांचे कान पूर्ववत झाले.

मग दुर्बिणीचा नंबर लागल्याचा निरोप आला.

“अगं, दवाखान्यातला एक्स-रेवाला हल्ली आपल्याकडे येतो,” साहेब म्हणाले. “तुला बाकावर बसलेली बघेल.”

“मग?”

“मग काही नाही. बघेल, एवढंच.”

बाई गेल्या नाहीत. साहेबांनी जाऊ नको म्हटलं नव्हतं, आणि बाईंनीही जाणार नाही म्हटलं नव्हतं. संसारात असे बरेच निर्णय होतात. ते कोणी घेतलेले नसतात.

औषधाचा गुण संपला. घास पुन्हा थांबायला लागला, आणि आता तो विचारही करीना. बाई पाव चहात विरघळवून प्यायला शिकल्या. जेवायचं बोलावणं आलं की म्हणत, “आज उपास आहे.” मिशनऱ्याच्या बायकोला ही एक सोय असते, उपासाचं कारण कोणी विचारत नाही. त्यांचं वजन उतरत गेलं तसा त्यांचा मान चढत गेला. लोक आपली पोरंबाळं त्यांच्यासमोर आणून डोक्यावर हात ठेवा म्हणायला लागले.

एकदा त्या सैल झालेले सगळे कपडे शिवून आत घ्यायला शिवणवालीकडे गेल्या. ती मशीनवर बसली होती. पायडलवरच्या उजव्या पायाला चिंधी गुंडाळलेली होती आणि चिंधी ओली होती.

“हे काय गं?”

“काही नाही. सुई पडली होती, टोचली. साखरेमुळे भरून येत नाही.”

“गोळ्या घेतेस ना साखरेच्या?”

“सोडल्या,” ती म्हणाली, भेटवस्तू पुढे करावी तशा आनंदात. “तुमची साक्ष झाली त्याच दिवशी. तुमचं देवानं केलं, माझं नाही करणार?”

बाई कपडे तिथंच टाकून घरी आल्या.

“अहो, मला मंडळीसमोर सांगायला हवं. घास अडकतो म्हणून.”

“साक्ष म्हणजे काय दुकानातलं कापड आहे? रंग गेला म्हणून परत द्यायला?”

“रंग गेला कुठं. मुळात पक्का नव्हताच.”

साहेब बराच वेळ टेबलाची कड पुसत राहिले. “मला माहीत आहे,” ते म्हणाले. “स्वयंपाकघरात तू ओकतेस ते ऐकू येतं मला.”

“मग विचारलं का नाहीत?”

“विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस.”

यावर बाईंना हसूच आलं. हसताना छातीत दुखलं.

रविवारी त्या उभ्या राहिल्या. खोली भरलेली होती. बाजारच्या सपाट भाषेत, भाजी परत करावी तसं त्यांनी सांगितलं. “मी बरी झालेली नाही. तेव्हा औषध घेतलं होतं, ते मी सांगितलं नाही. घास अजून अडकतो. माझं ऐकून ज्यांनी गोळ्या सोडल्यात त्यांनी पुन्हा घ्या. आजच घ्या.”

मग शिवणवाली म्हणाली, “आमेन.”

“बाई आपला विश्वास पारखतायत,” एक्स-रेवाला शेजारच्याला म्हणाला. मागून कोणीतरी “काय ही नम्रता” म्हणालं. देव आपल्या माणसांची परीक्षा घेतो, हा धडा साहेब गेले काही महिने सतत शिकवत होते, आणि वर्ग हुशार निघाला होता.

बाईंनी नवऱ्याकडे बघितलं. खोलीत तेवढंच एक माणूस राहिलं होतं ज्याचं लोकांनी ऐकलं असतं. साहेबांचे कान लाल झाले होते. त्यांनी गीत सुरू केलं.

दुसऱ्या दिवशी दोघं दवाखान्यात गेली. बोलावलं नव्हतं तरी सोबतीला शिवणवाली आली, एक पाय ओढत. व्हरांड्यातल्या बाकावर बसून ती पुटपुटत प्रार्थना करत राहिली. आत बाईंच्या घशातून दुर्बीण गेली. फार खाली जावं लागलं नाही.

“मी म्हटलं होतं, बरं वाटलं तरी या,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

“हो.”

“मग काय आड आलं?”

बाईंनी विचार केला. बाजारात त्याला शब्द नव्हता. साहेबांच्या पुस्तकात असेल, पण ते खिडकीतून बाहेर बघत होते. डॉक्टरीणबाई खुर्ची जवळ ओढून हळू आवाजात बोलल्या, साध्या, रोजच्या शब्दांत. साहेबांना त्यातलं काहीच कळलं नाही.

“काय म्हणाल्या?” त्यांनी विचारलं.

बाईंनी मराठीत करून सांगितलं. “गाठ आहे. मोठी झालीय. आता काढता येत नाही म्हणतात. नळी बसवून देतील, म्हणजे पातळ तरी जाईल.”

“आणि?”

“आणि काही नाही म्हणाल्या.”

साहेबांनी बाईंचा हात धरला. तो किती हलका झालाय हे त्यांना तेव्हाच कळलं असावं, कारण त्यांनी तो घाईघाईनं सोडला आणि पुन्हा धरला.

बाहेर आल्यावर शिवणवाली उठून पुढे आली. “हे भगिनी,” साहेबांनी पुस्तकी भाषेत सुरुवात केली, “प्रभूच्या अगम्य योजनेनुसार…”

बाईंनी त्यांच्या दंडावर हात ठेवला. “थांबा हो,” त्या मराठीत म्हणाल्या. मग शिवणवालीकडे वळून बाजारच्या भाषेत, “उशीर झाला. मी यातून उठत नाही. तू आज गोळी घेतलीस का?”

शिवणवालीनं हट्टी पोराचा गाल थोपटावा तसा त्यांचा गाल थोपटला. “या वेळी तुम्ही आणखी मोठ्या दुखण्यातून उठणार बाई,” ती म्हणाली. “मागच्यापेक्षा मोठी साक्ष होईल, बघा तुम्ही.”

आणि ती दार उघडून धरायला लंगडत पुढे गेली. फरशी नुकतीच पुसलेली होती. तिच्या एकाच पावलाचे ओले, तांबूस ठसे दारापर्यंत उमटत गेले.